दीड वाजताचं दूध

सिस्टरच्या हातात कागद होता. कागदावर तिच्या भावाचं वय, वजन, उंची सगळं बरोबर होतं. फक्त खालची एक ओळ तिला समजत नव्हती. म्हणजे समजत होती. सव्वीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला ती ओळ कळणार नाही तर कोणाला कळणार? पण डोळ्यांनी वाचलेलं मन मानायला तयार नव्हतं. तिनं चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. ओळ तिथंच होती.

"दारू शून्य," लॅबवाला म्हणाला. "थेंबभरसुद्धा नाही. पण झोपेच्या गोळ्या सापडल्यात, सिस्टर. आणि एखाददुसरी नव्हे. रोजचं गिऱ्हाईक दिसतंय."

दुपारचे साडेबारा झाले होते. लॅबच्या खिडकीत काचेच्या नळ्या वाळत घातल्या होत्या. दुसऱ्या गावातल्या फळांच्या रसाच्या कंपनीनं नोकरीला घ्यायच्या माणसांची तपासणी याच हॉस्पिटलकडे दिली होती, आणि हे कळल्यावर सिस्टर आठवडाभर हवेत होती. घरचंच काम झालं, असं ती वॉर्डातल्या आयांना सांगत सुटली होती. सोमवारी भावानं रुजू व्हायचं होतं. राहायला कंपनीची खोली होती. दीड वर्षानंतर घरात पहिल्यांदा कोणीतरी सोमवारची वाट बघत होतं.

"फॉर्म बघा," लॅबवाला म्हणाला. "'चालू औषधे' असा रकाना आहे. तुमच्या भावानं लिहिलंय 'नाही'. शिवाय खाली रेघसुद्धा मारलीय. अहो, एवढी ओळ खरी लिहिली असती तर काही नव्हतं. डॉक्टरांची गोळी आहे म्हटलं की कंपनी गप्प बसते. लपवलं म्हणजे व्यसन, असा त्यांचा सरळ कायदा. खोटं कशाला लिहायचं?"

तिला उत्तर माहीत होतं, निदान तेव्हा तरी तिला तसं वाटलं. भावानं खोटं लिहिलंच नव्हतं. आपण गोळ्या घेतो हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

लॅबवाल्यानं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "रिपोर्ट चार वाजता जातो. तोवर दुसरा नमुना आला तर मी काही बघितलेलं नाही. तुमचाच असला तरी चालेल. तुम्ही माझ्या आईचं केलंय, ते मी विसरलो नाही."

कागदाची घडी घालून तिनं पर्समध्ये टाकली आणि दुपारची ड्यूटी असलेली ती बाई हॉस्पिटलमधून उलट्या दिशेनं घराकडे निघाली.

आता या भावाबद्दल सांगायला हवं. सरबतं आणि थंड पेयं बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्यात त्यानं सतरा वर्षं एकच काम केलं: चव बघणं. लांब दांड्याचा स्टीलचा चमचा कायम खिशात, म्हणून सगळे त्याला चमचेवाला म्हणत. साहेबाच्या पुढेपुढे न करणारा हा कारखान्यातला एकमेव चमचेवाला, असा तिथं विनोद होता. टाकीत साखर जराशी कमी पडली तरी घोट तोंडात धरून तो सांगायचा. टाकी काल धुतली की परवा, पाइपाचं रबर बदललं की जुनंच आहे, हेसुद्धा सांगायचा. त्या जिभेसाठी त्यानं तिखट सोडलं, कांदा सोडला, विडी तर कधी ओठांना लावली नाही. लोक नवी मोटरसायकल जपतात तशी तो जीभ जपायचा. मग एक दिवस कारखान्यात डब्याएवढं यंत्र आलं. त्याला ना सुट्टी लागायची, ना सर्दी व्हायची. चमचेवाला चमचा घेऊन घरी आला.

त्यानंतरचं वर्ष आठवू नये असं गेलं. ज्या माणसानं जिभेला कांदा लागू दिला नाही, तो भरदुपारी बस डेपोमागच्या दारूच्या दुकानात बसायला लागला. सिस्टर रडायची, चिडायची, शपथा घालायची. "कशासाठी जपू आता जीभ? कोण विचारतंय?" एवढंच तो म्हणायचा, तेही शांतपणे. भांडला असता तरी तिला बरं वाटलं असतं. पण भांडायला समोरच्याकडून काहीतरी हवं असावं लागतं, आणि या माणसाला कोणाकडून काही हवं आहे हे कधी कोणी पाहिलं नव्हतं. ताप आला की उतरल्यावर सांगणार. लग्न ठरलं होतं, तर ती मुलगी आठ दिवस मामाकडे जाते म्हणाली. यानं 'बरं' म्हणून तिची छत्री आणि पुस्तकं घरपोच केली आणि परत त्या घराकडे फिरकला नाही. ती सोडून जाण्याआधी हाच निघून आला. मुलगी बिचारी खरंच मामाकडे गेली होती!

आणि सिस्टर याच्या बरोबर उलट. कारखान्याच्या गेटवर दिवसातून तीन फोन. जेवलास का, पोचलास का, निघालास का. गेटवरचा वॉचमन पाच वाजता आपणहूनच सांगायचा, "निघाला हो ताई, आत्ताच निघाला." गल्लीत ती सगळ्यांची सिस्टर होती, ताई मात्र एकाचीच. स्वतःचं लग्न तिनं याच्यापायी केलं नाही असं लोक म्हणत. ती म्हणायची, वेळच मिळाला नाही.

दोघांचं मूळ एकाच दुपारी होतं. तो पाच वर्षांचा, ती चौदाची. तो झोपला होता. आई म्हणाली, "सुईदोरा घेऊन येते," आणि चपला हातात घेऊन जिना उतरली. दोरा आला नाही, आईही आली नाही. उठल्यावर पोरानं विचारलं, "आई कधी येणार?" हिनं सांगितलं, "संध्याकाळी." संध्याकाळी त्यानं पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवसापासून हा प्रश्न त्यानं आयुष्यात कोणालाच विचारला नाही. वडील फिरतीवर असायचे, ते नंतर फिरतच राहिले. ताईला शाळेत जायचं असायचं, पुढं नर्सिंगच्या वर्गाला. जाते म्हणून सांगितलं तर पोरगं फ्रॉकला लोंबकळायचं आणि सुटायचं नाही. मग ती त्याला थोपटून झोपवायची आणि डोळे मिटले की निसटायची. ही युक्ती घरोघरी चालते, त्यात कोणाला पाप वाटत नाही. तिलाही वाटलं नाही. पोरगं पुढं पुढं झोपेना झालं, एवढीच तिची तक्रार होती.

पाच महिन्यांपूर्वी तो जिन्यावरून पडला. कपाळाला टाके पडले. तिची ड्यूटी दोन ते नऊ, आणि तो नेमका दुपारीच दुकानात जायचा. म्हणून तिनं तीच जुनी युक्ती केली, फक्त थोपटायच्या ऐवजी गोळी. वॉर्डातलं कपाट तिच्याच ताब्यात होतं. घरी गेलेल्या पेशंटांच्या उरलेल्या गोळ्या त्यात पडून असत, त्या संपल्यावर न उरलेल्याही. दोन चमच्यांमध्ये गोळीची पूड करायची, दुधात घालायची, वर दीड चमचा जास्तीची साखर. बरोबर दीड वाजता ग्लास त्याच्या हातात द्यायचा आणि तो संपेपर्यंत समोर बसायचं. मग ग्लास आपल्या हातानं विसळायचा आणि ड्यूटीला जायचं. तो नऊपर्यंत झोपायचा. दारू सुटली. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, काय केलंत हो सिस्टर? ती म्हणायची, "माया लावली, दुसरं काय!" हेच दुसऱ्या कोणी नातेवाइकानं केलं असतं तर तिनं त्याला वॉर्डाच्या दारातून हाकललं असतं. इथं कुंपणच शेत खात होतं आणि वर सत्कार घेत होतं.

घरी आली तेव्हा तो इस्त्री करत होता. दोन शर्ट करून झाले होते, तिसऱ्याची कॉलर चालू होती. टेबलावर तो स्टीलचा चमचा घासून लख्ख करून ठेवला होता.

"कुठं गेली होतीस?" त्यानं विचारलं.

"रिपोर्ट आलाय."

"दारू नाही ना सापडली?"

"नाही."

"मग झालं की."

"कसलं झालं! गोळ्या सापडल्यात झोपेच्या." तिनं खुर्चीची पाठ धरली. सगळं एका दमात बोलून टाकायचं असं तिनं रस्ताभर ठरवलं होतं. "मी घालत होते. दुधात. पाच महिने झाले, रोज. तू मार मला, शिव्या दे, काय वाट्टेल ते कर. पण मीच घालत होते."

त्यानं इस्त्री उभी केली. भिंतीतलं बटण बंद केलं. शर्टाची घडी घातली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"गोळीचं. पहिल्या दिवसापासून. साखर जास्त आणि मागून कडवट. तिसऱ्या आठवड्यात गोळी बदललीस ना? ती जरा खडूसारखी लागायची. आधीची बरी होती."

ती खुर्चीत बसली नाही, पडली. सतरा वर्षं ज्या जिभेवर हे घर चाललं, जी जीभ पाइपातलं रबर ओळखायची, त्या जिभेपासून तिनं दीड चमचा साखरेनं कडू लपवलं होतं! अख्ख्या जगात तिला फसवायला हीच जीभ सापडली. पाच महिन्यांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या लेखी ग्लास हातात घेणारा माणूस चव बघणारा नव्हताच, तो पाच वर्षांचा होता.

"मग प्यायलास कशाला?" ती ओरडली. खालच्या मजल्यावरचं कोणीतरी खिडकीशी आलं. "ओतून द्यायचंस! माझ्या तोंडावर फेकायचंस! मूग गिळून बसलास पाच महिने?"

त्यानं टेबलावरचा चमचा उचलला. मग बोलला, आणि इतकं एका वेळी तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"तू बसायचीस ना समोर, ग्लास संपेपर्यंत. आणि लहानपणी तू मला झोपवून जायचीस, आठवतं? मी जागा झालो की घर रिकामं. कधी जाणार ते कळायचंच नाही. डोळे मिटायची भीती वाटायची. आता निदान कळायचं. कडू लागलं की समजायचं, ताई चालली. रविवारी दूध नुसतंच असायचं. संध्याकाळी हात कापले तर खिशात घालायचो, पण पहिल्या घोटालाच कळायचं, आज ही घरी आहे. तेवढं तरी मला कोणी आधी सांगत होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आणि दारू?" तिनं विचारलं.

"ती मीच सोडली. तूच सांगितलं होतंस एकदा, गोळी आणि दारू एकत्र घेतलेला तो पेशंट तुमच्याकडे सकाळी उठलाच नाही म्हणून. मी तसा गेलो असतो तर तुला धरून नेलं असतं."

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. नर्सच ती. ठाऊक असूनही रोज दीड वाजता तिनं ते बाजूला ठेवलं होतं, आणि तो दुपारी झोपतो म्हणजे पीत नाही अशी स्वतःची समजूत घातली होती. आता पाच महिन्यांच्या सगळ्या दुपारी एकदम तिच्या अंगावर आल्या. त्यातल्या कुठल्याही एका दुपारी तो आधी डेपोमागं जाऊन आला असता तर!

"फॉर्ममध्ये 'नाही' का लिहिलंस?" तिनं विचारलं. आता तिला उत्तराची भीती वाटत होती.

"'हो' लिहिलं असतं तर कोणी दिली ते विचारलं असतं. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली असती. वॉर्डातलं कपाट कोणाकडे असतं, ते तिथं सगळ्यांना माहीत आहे."

म्हणजे त्यानं तिची नोकरी वाचवायला आपली नोकरी त्या रकान्यात टाकली होती, आणि वर रेघ मारली होती. आणि आज सकाळपासून इस्त्री करत बसला होता, जणू सोमवार येणारच आहे.

भिंतीवरच्या घड्याळात एक वीस झाले होते. दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं. दूध तापवायची वेळ झाली होती. ती उठली, पण ओट्याकडे गेली नाही. तिनं पर्स उचलली.

"मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगून येते. रिपोर्ट चारला जाणार आहे."

"ताई, नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

ती दाराकडे वळली आणि तिची बाही मागून ओढली गेली. चाळिशीला आलेला, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस तिच्या बाहीचं टोक मुठीत धरून उभा होता. "नको जाऊस," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडात बसत नव्हते. कोणाला म्हणायची सवयच नव्हती. जन्मभर ज्या शब्दांची ती वाट बघत होती ते आले, आणि तेही तिला पाय उचलायचा होता तेव्हा.

तिनं त्याची मूठ सोडवली नाही. त्याच्याकडे तोंड करून ती म्हणाली, "मी जातेय. सांगून जातेय. पाचला येते."

मूठ आपणहून सुटली.

पाचला ती आली नाही, पावणेसहाला आली. मोठ्या डॉक्टरांनी आधी तिला बसायला सांगितलं, मग उभं राहायला सांगितलं, मग मेट्रनना बोलावलं. सव्वीस वर्षांत ज्या बाईची एक सुई इकडची तिकडे झाली नाही, तिच्याकडे ते डोळे फाडून बघत होते. कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवायला लावल्या. कंपनीला फोन गेला; कंपनी म्हणाली, वाईट वाटलं, पण आम्हाला सोमवारीच माणूस हवा आहे. आणि शेवटी डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानं ती पुन्हा हादरली. गोळी आजच्या आज बंद करायची नाही. पाच महिन्यांची सवय एकदम तोडली तर झटके येतील. अर्धी, मग पाव, मग दिवसाआड, असं तीन महिने. "आज दिली नाहीत? मग पळा घरी!" ते म्हणाले.

ती पळतच आली. तो जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसला होता. हात थरथरत होते, मान घामानं भिजली होती, पण तोंडाला वास नव्हता. डेपो चार मिनिटांवर होता आणि तो तिथं गेला नव्हता.

"पाऊण तास उशीर," तो म्हणाला.

तिनं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तिच्यावर त्याचंच नाव होतं. पाकिटातली गोळी काढून तिनं उघड्या तळहातावर ठेवली. "अर्धीच घ्यायची," ती म्हणाली. दोघांनी ती गोळी पायरीवर ठेवून चमच्याच्या कडेनं मोडली. तीन महिने त्यानं मोजून खाल्ल्या, ती समोर बसून राहिली. काही रात्री वाईट गेल्या. काही दिवशी तो तिच्याशी कडाकडा भांडला, आणि तिला त्याचंही अप्रूप वाटलं.

हॉस्पिटलनं तिला काढलं. पोलिसांकडे दिलं नाही, हीच सव्वीस वर्षांची पुण्याई. गल्लीतल्या बायकांनी आधी बोलणं सोडलं, मग इंजेक्शन टोचून घ्यायला पुन्हा यायला लागल्या. आता घरात बेकार ती होती. दुपारी दीड वाजला की तिचे पाय आपोआप ओट्याकडे वळायचे आणि करायला काही नसायचं. रात्री झोप लागायची नाही. एकदा तिनं त्याच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यानं काही न बोलता पाकीट शर्टाच्या खिशात टाकलं, चमच्याशेजारी.

पाचव्या महिन्यात त्याला काम मिळालं. दोन तासांच्या अंतरावर एक लहानसा बाटल्या भरायचा कारखाना होता. मालकानं यंत्र घेतलं होतं, पण त्या यंत्राला चव कळत नव्हती म्हणे. पगार पूर्वीच्या निम्मा होता. तिथल्या फॉर्ममध्येही औषधांचा रकाना होता. त्यात त्यानं गेल्या वर्षभराचं सगळं लिहिलं, जागा पुरली नाही तर मागच्या पानावर लिहिलं.

निघायच्या दिवशी तीनची गाडी होती. ती स्टँडवर सोडायला जाणार होती. पण रात्रभर जागलेली बाई, जेवण करून खुर्चीत टेकली आणि तिचा डोळा लागला. मान एका बाजूला कलली, चष्मा मांडीवर घसरला. त्यानं पिशवी भरली, कडी काढली, दार उघडलं. चपला घातल्या. त्या घरातून आजवर जो जो गेला, तो झोपलेल्या माणसाला असाच मागं ठेवून, पाय न वाजवता गेला होता. तो दारात थोडा वेळ उभा राहिला. मग पिशवी खाली ठेवून आत आला आणि त्यानं तिचा खांदा गदागदा हलवला.

"ताई. ए ताई, ऊठ."

ती दचकून उठली. "काय झालं? काय झालं रे?"

"काही नाही. मी निघालोय. म्हणून उठवलं."

ती त्याच्याकडे, पिशवीकडे, उघड्या दाराकडे बघत राहिली. असं कोणी उठवून सांगतं, हेच तिला नवं होतं. तिनं चष्मा चाचपला. आणि जो प्रश्न त्या घरात चौतीस वर्षं कोणी विचारला नव्हता, तो तिच्या तोंडून बाहेर पडला, लहान मुलीच्या आवाजात.

"कधी येशील?"

"रविवारी. अकराच्या गाडीनं." त्यानं पिशवी खांद्याला लावली. "नुसतं दूध ठेव."